मंगळवार, शुक्रवार, एक तांब्या

"चौतीस वर्षं म्या बॉयलरच्या ड्रममंधी पाण्याची लेव्हल सांभाळली," चंपतराव सोमकुवरांनी सकाळी नऊला सोफ्यावर बसून जाहीर केलं. "खापरखेड्याच्या पावर हाऊसमंधी कोणालेही विचार. एक इंच वर नाही, एक इंच खाली नाही. हे तं एका कुंडीचं काम आहे, प्रेमा. हे झाड माह्या हातून मरूच शकत नाही."

तेवढ्यात झाडाचं एक पान गळलं आणि प्रेमानंदाच्या चहात पडलं.

प्रेमानंद म्हणजे चंपतरावांचा धाकटा भाऊ. वहिनीच्या पहिल्या स्मृतिदिनासाठी भिवापूरहून पहिल्या गाडीनं आला होता, आणि भाजीसाठी वाळल्या मिरच्यांची पिशवी घेऊन आला होता. त्यानं चहातून पान काढलं, उजेडात धरलं. पान पिवळं होतं आणि हातात घेतल्यावर ओल्या पापडासारखं लोंबत होतं.

"पिकलं असंन," चंपतराव म्हणाले.

"पिकलं पान असं नाही राहत गा, भाऊ."

दुसरं पान पडलं. हे बशीत.

झाड कॉफीचं होतं. नागपुरात कॉफीचं झाड म्हटल्यावर लोक आधी हसायचे आणि मग पानं चुरगाळून वास घ्यायचे, वास काही यायचा नाही, मग पुन्हा हसायचे. चंपतरावांची बायको प्रेमिलाबाई, अंगणवाडी सुपरवायझर. नोकरीची शेवटची दोन वर्षं त्यांनी चिखलदऱ्याला काढली आणि रिटायर होऊन परत येताना जेवणाच्या डब्यात बोटाएवढं रोप आणलं. चिखलदऱ्याचं झाड आणि नागपूरचा मे महिना. बाहेर ठेवलं असतं तर तिसऱ्या दिवशी त्याचा पापड झाला असता. म्हणून ते हॉलमध्ये आलं. उन्हाची तिरीप अंगावर नको पण उजेड पाहिजे, म्हणून टीव्ही सरकला. हवेत ओल पाहिजे, म्हणून कूलरचं तोंड माणसांकडून झाडाकडे वळलं. रविंद्रनं एका उन्हाळ्यात एसी बसवतो म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "एसीची हवा कोरडी राहते. त्याले सोसत नाही." चंपतरावांना काय सोसतं हे कोणी विचारलं नाही. आठ वर्षांत झाड छातीएवढं झालं. पहिली फळं बाई गेल्यावर धरली, हिरवीच गळाली.

प्रेमानंदानं पहिलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसलं, बाहेर काढलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"भाऊ, कुंडीत बेडूक पाळले का तुम्ही?"

"काय झालं?"

"चिखल आहे हा. मुळ्या सडून राहिल्या. पाणी किती टाकता?"

चंपतरावांनी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि कॅलेंडरवर वर्षभराच्या खुणा. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार. निळ्या पेनाच्या, एकसारख्या. कंट्रोल रूममध्ये दर तासाला रीडिंग लिहिणाऱ्या माणसाच्या खुणा होत्या त्या.

"एक तांब्या," ते म्हणाले. "मोजून."

"दोन तांब्यानं एवढा चिखल नाही होत. आणखी कोण टाकते पाणी?"

"कोण टाकंन? मीच टाकतो."

त्या वेळी हॉलमध्ये आणखी तिघं होती. मोठा मुलगा रविंद्र, बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर, सतरंजी अंथरत होता. त्याची बायको काजल स्वयंपाकघराच्या दारात खिरीचा डाव घेऊन उभी होती. मुलगी चारुशीला, शाळेत मास्तरीण, आईच्या फोटोला हार घालत होती. तिघंही एकदम फार कामात पडली. रविंद्रनं सरळ असलेली सतरंजी पुन्हा सरळ केली.

"रवी," प्रेमानंद म्हणाला. लहानपणी मिरचीच्या वावरात पुतण्याला चोरून सिगारेट ओढताना पकडलं होतं, तोच सूर.

"काका, माह्यी गुरुवारची सुट्टी राहते ना," रविंद्र म्हणाला. "तं मी येतो. एक बाटली टाकतो फक्त. दोन लिटरची."

"तू कधी येतं?" चंपतराव म्हणाले. "मले तं तू महिन्या-दोन महिन्यातून दिसतं."

"तुम्ही बगीच्यात फिराले जाता तेव्हा. माह्यापाशी किल्ली आहे."

काजलच्या हातातल्या डावातून खीर फरशीवर टपकली. "तुम्ही गुरुवारी इथं येता?" ती नवऱ्याला म्हणाली. "मले तं सांगता ओव्हरटाइम आहे."

"सुट्टीच्या दिवशी कुठला ओव्हरटाइम राहते, वहिनी?" चारुशीला म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, बोलायला नको होतं. कारण काजल तिच्याकडे वळली नाही, रविंद्र वळला.

"आन तू वं चारू? तुले काहून घाम फुटून राहिला?"

"मी शनिवारी येते. शाळा सुटल्यावर. किल्ली माह्यापाशीबी आहे. मी पाणी नाही टाकत, बर्फ टाकते."

"बर्फ?" प्रेमानंद उभाच राहिला.

"मोबाईलवर पाह्यलं मी. हळूहळू विरघळते, मुळाले झटका लागत नाही. एक ट्रे. अन् बुधवारी दोन ग्लास, साधं."

"कॉफीच्या झाडाले बर्फ. थंडीच्या दिवसात." प्रेमानंद पुन्हा बसला. "माह्या मिरचीले असा पाहुणचार केला असता तं मी आज भीक मागत असतो."

काजलनं डाव भिंतीला टेकवून ठेवला. लपवून उपयोग नव्हता. "मी सोमवारी एक मग टाकते, मामाजी. तिसरी किल्ली माह्यापाशी आहे. तुम्ही वाचनालयात असता."

प्रेमानंदानं बोटांवर मोजलं. सोमवार काजल, मंगळवार भाऊ, बुधवार चारू, गुरुवार रवी, शुक्रवार भाऊ, शनिवार बर्फ. "म्हणजे झाडाले फक्त रविवारी श्वास घ्याले मिळे," तो म्हणाला.

हे ऐकून चंपतराव एवढे का दचकले ते कोणाला कळलं नाही.

*

आता खरं तर गप्प बसायला हवं होतं. साडेनऊ वाजत आले होते. अकराला विहारातले भंतेजी यायचे होते, भिक्खूंचं जेवण बाराच्या आत व्हायला हवं होतं आणि पुऱ्यांची कणीकही मळलेली नव्हती. पण सोमकुवरांच्या घरात काम वाट पाहू शकतं, भांडण नाही.

"पण तुले पाणी टाकाले सांगतलं कोणं?" रविंद्रनं बायकोला विचारलं.

"आत्याबाईनं. दवाखान्यात."

"खोटं नको बोलू. आईनं मले सांगतलं होतं."

"मले सांगतलं," चारुशीला म्हणाली.

प्रेमिलाबाई नऊ दिवस दवाखान्यात होत्या. खाटेजवळच्या स्टुलावर एका वेळी एकच माणूस बसू शकायचं. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला आई एकटी आली होती, आणि प्रत्येकानं वर्षभर ती तशीच जपून ठेवली होती, दुसऱ्याला न दाखवता.

"मले म्हणे, तुह्या बाबाच्या भरोशावर राहू नको," रविंद्र म्हणाला. त्याला हे बापासमोर बोलायचं नव्हतं, पण बायकोसमोर हरायचंही नव्हतं. "म्हणे, बॉयलर त्याईनं सांभाळला कारण तिथं घंटी वाजे. कुंडीले घंटी नाही."

चंपतरावांनी चष्मा काढला.

"मले म्हणाल्या," काजल म्हणाली, "रवी माह्या पोटचा आहे पण त्याच्यानं साधा मनीप्लांट जगला नाही. तुहा हात गुणाचा आहे, काजल, तूच टाकजो." बारा वर्षांच्या संसारात सासूनं केलेली ती एकमेव स्तुती होती. पहिली आणि शेवटची. दर सोमवारी मगभर पाणी घालताना तीच स्तुती ती मनात पुन्हा ऐकायची.

चारुशीला पुन्हा हाराकडे वळली.

"आन तुमाले काय म्हणे?" काजलनं विचारलं.

"जाऊ दे ना वहिनी."

"नाही, बोला ना ताई. आता तं सगळंच निघालं."

चारुशीलानं हाराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "म्हणे, काजल पोरगी चांगली आहे. पण तिच्या हातानं झाड लागत नाही."

काजल डाव उचलून स्वयंपाकघरात गेली.

"आन मले?" प्रेमानंदानं विचारलं.

"तुमाले काय काका?"

"मीबी बसलो होतो ना स्टुलावर, दोन दिवस. घरात शेती करणारा मी एकटा. मले काहून नाही सांगतलं वहिनीनं?" त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. "मले म्हणे, यंदा मिरच्या लवकर पाठवजा. बस." त्यानं मिरच्यांची पिशवी पायानं बाजूला सरकवली. "मले सांगतलं असतं तं झाड असं नसतं झालं."

*

स्वयंपाकघरात चारुशीला वहिनीच्या शेजारी परातीपुढे बसली आणि न विचारता कणकेत हात घातला. दोघींनी थोडा वेळ एकाच गोळ्याला दोन बाजूंनी दाबलं.

"मले वाईट नाही वाटलं," काजल म्हणाली.

"हो."

"थोडं वाटलं."

"वहिनी, आई माह्यासमोर तुह्या पुरणपोळीची बी नावं ठेवे. अन् खाये तीन-तीन."

काजल हसली, आणि हसता हसता डोळे मनगटानं पुसले, त्यामुळे कपाळाला कणीक लागली. मग ती एकदम थांबली. "ताई, त्याईले माहीत नसंन का? एवढ्या जणांनी पाणी टाकलं तं झाड सडते म्हणून? आठ वर्षं सांभाळलं त्याईनं."

"मंग?"

"मले वाटते, झाड नव्हतं त्याईच्या डोक्यात. मामाजी एकटे राहतीन. कोणी सोमवारी येईन, कोणी गुरुवारी येईन. पाण्याच्या निमित्तानं."

चारुशीलाचे हात थांबले. तिनं वर्षभरातले शनिवार आठवले. जिन्यात चप्पल हातात घेऊन चढायची. बाबा बाहेर गेल्याची खात्री करायची. बर्फ टाकायचा, ट्रे पुसून फ्रीजमध्ये ठेवायचा, कोणाला कळू नये म्हणून. आईचं आपल्यावरच सोपवलेलं गुपित बाबांना कळलं तर त्यांना वाईट वाटेल, एवढाच विचार. बुधवार धरून वर्षभरात शंभरेक वेळा ती या घरात आली होती आणि बाबांशी चार वेळा बोलली होती.

"मंग आपण बाबाले भेटलोच कुठं?" ती म्हणाली.

काजलनं कणकेवर ओलं फडकं टाकलं.

*

हॉलमध्ये चंपतराव कुंडीसमोर बसले होते. प्रेमानंद आणि रविंद्र गॅलरीत वर्तमानपत्रं पसरत होते, झाड बाहेर काढायचं ठरलं होतं.

जे चंपतरावांनी कोणाला सांगितलं नव्हतं, ते सांगण्यासारखं नव्हतंच. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षाभूमीवर देवदेवता, भूतंखेतं, सगळं एका दिवसात सोडलं होतं. चंपतराव स्वतः कॉलनीत प्रसिद्ध होते त्यासाठी. कोणी अंगात येतं म्हटलं की हे थर्मामीटर घेऊन जायचे.

बाई गेल्यावर दुसऱ्या महिन्यात, एका गुरुवारी, बगीच्यातून परत आल्यावर त्यांना कुंडीखालची ताटली भरलेली दिसली. पाणी त्यांनी घातलं नव्हतं. कॅलेंडर तपासलं. नव्हतंच घातलं. मग शनिवारी पुन्हा. सोमवारी पुन्हा. दाराला कुलूप, खिडकी बंद, माती ओली. चौतीस वर्षं मीटरवर विश्वास ठेवलेल्या माणसानं कारणं शोधली. कूलर गळतो का पाहिलं. छताला ओल आहे का पाहिलं. आणि कारण सापडलं नाही तेव्हा, एका संध्याकाळी, त्यांनी शोधणं सोडून दिलं. त्यांना बरं वाटत होतं.

मग ते मुद्दाम बाहेर जाऊ लागले. सकाळी दहा ते बारा वाचनालय. संध्याकाळी पाच ते सात बगीचा, तिथं डास चावायचे तरी सातपर्यंत. आपण घरात असलो तर प्रेमिला यायची नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. परत आल्यावर दार उघडण्याआधी ते दोनदा खोकायचे, तिला आवरायला वेळ मिळावा म्हणून. रविवारी ती येत नसे, याचंही त्यांना नवल वाटलं नाही. रविवारी तिला नोकरीतही सुट्टी असायची.

आता त्यांना सगळे वार समजले होते. सोमवार सून, बुधवार-शनिवार पोरगी, गुरुवार पोरगा. एकही दिवस शिल्लक राहिला नव्हता.

"बाबा, सरका थोडे," रविंद्र म्हणाला. "कुंडी उचलतो."

"रवी, गेल्या दिवाळीच्या दिवशी पाणी कोणं टाकलं होतं गा?"

"दिवाळीले? म्या टाकलं असंन. काहून?"

"काही नाही. असंच."

त्या दिवशी त्यांनी कुंडीजवळ दोन करंज्या ठेवल्या होत्या. परत आल्यावर एकच होती. रविंद्रनं खाल्ली असणार. त्याला लहानपणापासून आवडायच्या.

*

कुंडी उपडी केली तेव्हा असा वास सुटला की समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी खिडकी लावून घेतली. मुळं काळी, बोट लावताच साल निघून हातात यायची. प्रेमानंदानं काजलची भाजी कापायची कात्री मागितली आणि एकेक मूळ पाहून कापत गेला. चारही माणसं भोवती उकिडवी बसली. वर्षभरात इतक्या जवळ ती पहिल्यांदाच बसली होती.

"आहे," शेवटी प्रेमानंद म्हणाला. "हे पाहा. पांढरी मुळी आहे, दोन बोटं. जीव आहे ह्याच्यात."

चारुशीलानं भावाचा हात धरला. रविंद्रनं धरू दिला.

कोरडी माती, वाळलेल्या पानांचा चुरा आणि थोडी रेती, असं घालून झाड लहान कुंडीत बसलं. अर्धी पानं प्रेमानंदानं छाटली. उरलेलं झाड दवाखान्यातून आल्यासारखं दिसत होतं.

"आता नीट ऐका," तो म्हणाला. "माती सुकली आहे, सुकीच राहाले पाहिजे. पंधरा दिवस एक थेंब नाही. पानं मान टाकतीन, टाकू द्या. कोणाले दया आली तं त्यानं स्वतः पाणी प्यावं. आता एक तांब्या पाणी पडलं की संपलं. मंग मी काय, चिखलदऱ्यातलं कोणीबी वाचवू शकत नाही."

"आज पंचशील घेताना सहावं शील हेच घेऊ," चारुशीला म्हणाली. सगळ्यांनी मान हलवली. काजलनं तर खरंच हात जोडले.

"आन मी काय करू पंधरा दिवस?" चंपतरावांनी विचारलं.

"काही नाही भाऊ. पाहत राहा फक्त."

"ते तं मी वर्षभर करून राहिलो."

रविंद्रनं वर्तमानपत्रं गुंडाळली. मग चारुशीला म्हणाली, "बाबा, मी शनिवारी येते ना."

"कायले? पाणी तं नाही टाकायचं आता."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. चारुशीलानं तोंड उघडलं आणि बापाला भेटायला येण्याचं दुसरं कारण तिला पटकन सापडलं नाही.

"तुम्ही घरी राहाल ना शनिवारी, मामाजी?" काजलनंच विचारलं. "पाच वाजता? आम्ही सगळेच येतो. चहा प्याले."

चंपतरावांनी बराच विचार केला. त्यांचं पाच ते सात फार दिवसांपासून ठरलेलं होतं.

"राहीन," ते म्हणाले. "आता कायले जाऊ बाहेर."

*

भंतेजी अकराऐवजी सव्वा अकराला आले, कारण लिफ्ट बंद होती आणि त्यांचे गुडघे दुखत होते. शेजारपाजारचे, खापरखेड्याचे जुने सोबती, चारुशीलाच्या शाळेतल्या दोघी, अशी बावीस माणसं सतरंजीवर बसली. सगळे झाडाची चौकशी करत होते, म्हणून काजलनं कुंडी बाईंच्या फोटोशेजारी आणून ठेवली. तिथं ती शोभत होती.

मेणबत्त्या लावल्या. त्रिसरण झालं, पंचशील झालं. भंतेजींनी मरणाबद्दल थोडंसं सांगितलं, साधं आणि खरं, की जे जमतं ते विखरतं. चंपतराव ऐकत होते. प्रेमिलाबाईंच्या फोटोकडे त्यांनी पाहिलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांना तो नुसता फोटो वाटला. रविंद्र त्यांच्या डावीकडे बसला होता. त्यानं हात बापाच्या गुडघ्यावर ठेवला आणि काढला नाही.

शेवटी पुण्यानुमोदन. गेलेल्या माणसाच्या नावे केलेलं पुण्य पाण्याच्या धारेनं वाटून द्यायचं. भंतेजी गाथा म्हणू लागले आणि एकेक माणूस पुढे येऊन तांब्यातून परातीत धार सोडू लागलं. आधी चंपतराव. मग रविंद्र, काजल, चारुशीला. प्रेमानंदानं तांब्या दोन्ही हातांनी धरला, सगळा रिकामा केला आणि बाजूला होऊन उपरण्यानं तोंड झाकलं. मग शेजारी, सोबती, शाळेतल्या दोघी. तांब्या पुन्हा पुन्हा भरला जात होता. परात काठोकाठ आली.

"हे पाणी मोरीत टाकत नसतात," भंतेजी म्हणाले. "झाडाच्या मुळाशी द्यायचं असतं. बाईंचं झाड हेच ना? मग दुसरं कुठं न्यायची गरजच नाही."

त्यांनी परात उचलली. रविंद्रनं "भंतेजी" म्हटलं, पण त्याच वेळी बावीस जणांनी "साधु, साधु, साधु" म्हटलं आणि त्यात ते ऐकू आलं नाही. चंपतराव सगळ्यांत जवळ होते. त्यांनी एक हात उचलला, मग तो दुसऱ्या हाताला जोडला.

भंतेजींनी परात शेवटच्या थेंबापर्यंत कुंडीत रिकामी केली. बाराला वीस मिनिटं कमी होती, म्हणून ताटं लगेच वाढली.